कमरेतली कुपी

सोमवारी सकाळी सहा वाजता शब्बीर अत्तार यांच्या कमरेतली कुपी बंद झाली. त्यांना ते कळवलं नाही. मिरजेबाहेरच्या वेदना संशोधन केंद्रात चाललेल्या चाचणीचा नियमच तसा होता. जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना अफूपासून बनवलेल्या औषधाची, वर्षभर पुरणारी कुपी त्वचेखाली बसवायची. मणक्याजवळचा वेदनावाचक दुखणं मोजणार. ते वाढलं की कुपी थेंबभर औषध सोडणार. ज्यांना आराम पडेल, त्यांतल्या निम्म्यांची कुपी पुढे गुपचूप बंद करायची. दुखणं उसळलं, की औषध गुणकारी ठरलं.

गुरुवारी अत्तारांचं दुखणं उसळलं. आलेख पाहून चाचणीच्या प्रमुख डॉ. मृणालिनी सबनीस खूश झाल्या. पुढे हीच गोष्ट त्यांना सगळ्यांत जास्त टोचली.

त्यांनी अत्तारांना फोन केला. अत्तार एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. झोप उडालीय, घाम फुटतोय, पाय जागेवर ठरत नाहीत, असं ते संकोचून सांगत होते. चाचणीतून कधीही बाहेर पडता येईल, हे डॉक्टरांनी सांगितलं. मात्र तुमच्यावाचून रुग्णांचा आकडा अपुरा पडेल, हेही जोडलं.

"राहू द्या मॅडम," अत्तार म्हणाले. "घाटात ब्रेक गेला तेव्हाही शेवटचा पॅसेंजर उतरल्यावर मी उतरलो. तुमची गाडी एकदा स्टँडला लागू द्या."

डॉक्टर हसल्या होत्या.

शनिवारी वेदनावाचक घडवणारे डॉ. निशिकांत टिपणीस त्याचे संकेत वेगवेगळे करणारी नवी गाळणी घेऊन आले. आतापर्यंत यंत्र एकूण वेदना सांगायचं. आता ती कुठून येते तेही दिसणार होतं.

"ही अत्तारांच्या कमरेची रेघ. सपाट आहे."

"औषधाचा अंमल अजून असेल."

"तो केव्हाच उतरला. त्यांची कंबर बरी झालीय, मृणालिनी. हे उसळलंय ते पोटातून, पोटऱ्यांतून, अंगभर. शरीर औषध मागतंय. औषध तुटल्याचं दुखणं आपण औषधाच्या गुणात मोजलं."

ज्यांच्या कुप्या चालू आहेत त्यांचं काय, असं डॉ. सबनीस यांनी विचारलं. टिपणीसांनी शांतपणे समजावलं: अंमल उतरतो, शरीर मागतं, यंत्राला ती वेदना वाटते, थेंब पडतो. कुपी चालू आहे तोवर माणूस ठणठणीत. संशय यायला जागाच नाही.

एवढं बोलून त्यांनी समोरच्या कमरेकडे पाहिलं. कारण पहिली कुपी डॉ. सबनीस यांनी स्वतःलाच बसवून घेतली होती. शस्त्रक्रियेला तासन्‌तास उभं राहून त्यांची कंबर गेली होती. "माझ्याही कमरेत आहे, बघा कशी उभी आहे," असं त्या प्रत्येक रुग्णाला सांगत. तेवढं ऐकूनच अत्तारांनी होकार दिला होता.

"माझी रेघ काढ," त्या म्हणाल्या.

कमरेची रेघ कित्येक महिने सपाट होती. खालची दुसरी रेघ, शरीराच्या मागणीची, मात्र संथपणे चढत होती. दोघं पाहत असतानाच ती खाली आली. थेंब पडला होता. डॉक्टरांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच लाज वाटली.

त्यांनी अत्तारांना फोन करून सगळं सांगितलं, काही न लपवता.

"म्हणजे माझी कंबर बरी आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

मात्रा हळूहळू उतरवत नेण्यासाठी अत्तारांची कुपी पुन्हा चालू करण्यात आली. आपलीही तशीच उतरवणार, असं डॉ. सबनीस यांनी टिपणीसांना सांगितलं आणि त्यांना खोलीबाहेर जायला लावलं.

संध्याकाळी केंद्र बंद झालं, तेव्हा चाचणी थांबवल्याचं सर्व रुग्णांना कळवून झालं होतं. डॉ. सबनीस यांच्या कुपीला मात्रा उतरवण्याची आज्ञा गेलेली नव्हती.