आजोबांच्या खांद्यावरची बोटं

तो आला तेव्हा मी जेवायला निघालो होतो. स्टुडिओचं शटर अर्धं खाली, आणि त्याखालून एक माणूस वाकून आत बघतोय!

"बंद आहे," मी म्हणालो.

"अर्धंच आहे," तो म्हणाला आणि सरळ आत शिरला.

असा आगाऊपणा एरवी माझ्या डोक्यात जातो. पण हा हसला... आणि मी मुकाट्यानं डबा बाजूला ठेवला.

कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात तो डोळे तपासायचा. त्याचे आजोबा नुकतेच गेले होते. आत्याला भिंतीवर लावायला त्यांचा एकट्याचा मोठा फोटो हवा होता आणि घरात सापडला तो हा, दोघांचा.

"बाजूचे गृहस्थ तेवढे काढून टाका," तो म्हणाला.

मी फोटो उजेडात धरला आणि बघतच राहिलो. जुने फोटो नीट करणं हेच माझं काम, हजारो पाहिलेत. पण असा... रंगवलेल्या पडद्यापुढे दोन तरुण, खुर्ची एकच. मित्र खुर्चीत बसलेला, आजोबा खुर्चीच्या हातावर टेकून पार त्याच्या अंगावर रेललेले. मित्राचा एक हात मागून आजोबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताची बोटं आजोबांच्या बोटांत गुंतलेली. आणि आजोबा हसतायत! त्या काळी फोटो म्हणजे केवढा सोहळा... लोक नवे कपडे घालून, श्वास रोखून, काठीसारखे ताठ बसायचे. आणि या दोघांनी काय केलं, तर हात धरले. सगळ्यांसमोर, खुशाल.

"कोण हे?" मी विचारलं.

"मित्र. म्हणजे... आत्या तसं म्हणते."

काम काही फार मोठं नव्हतं. पण ते संपलं की हा पुन्हा कशाला येणार? म्हणून मी रखडवायला लागलो. कधी कॉलर राहिली, कधी पडद्याचा रंग जुळेना. आणि तोही काही कमी नव्हता! रोज दुकान बंद करून यायचा, माझ्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनकडे बघायचा आणि खोड काढायचा.

"कान जरा मोठा झालाय आजोबांचा."

"तो मुळातच मोठा आहे. तुमचाही तसाच आहे."

"अच्छा... म्हणजे माझे कान बघता तुम्ही?"

"न बघून कसं चालेल? दारातून आधी तेच आत येतात!"

तो इतका हसला की त्याचा श्वास माझ्या मानेला लागला. त्या दिवशी माझ्या हातून एकही रेघ सरळ आली नाही.

शेवटी सबबी संपल्या. मित्राला पुसून मी फोटो त्याला स्क्रीनवर दाखवला. तो स्क्रीनजवळ वाकला.

"आजोबा पडतायत," तो हळूच म्हणाला.

खरंच की! ज्याच्यावर रेलले होते तोच नाहीसा झालेला. आजोबा एका बाजूला झुकून रिकाम्या खुर्चीकडे बघत हसत होते.

"आणि ही बोटं कोणाची?"

मी वाकून पाहिलं. आजोबांच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. रोज पाहून पाहून ती मला आजोबांच्याच अंगाची वाटायला लागली होती. मी घाईनं माऊस उचलला.

त्यानं माझं मनगट धरलं. "नको... राहू दे."

"एका फोटोला इतके दिवस?" दारातून आवाज आला. आत्या! भाच्याच्या टाळाटाळीला कंटाळून त्या स्वतःच आल्या होत्या. त्यानं माझं मनगट सोडलं, पण त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"ही बोटं ज्यांची, ते रोज संध्याकाळी यायचे आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "दोघं गॅलरीत बसायचे. फार बोलायचेही नाहीत. ते वारले आणि बाबांचं हसणंच गेलं."

"मग यांना काढायला का सांगितलंत?" मी बोलून गेलो.

"लोक विचारतात ना, हे कोण! जन्मभर मित्र म्हणून सांगत आले. ते पुरत नाही, कळत होतं मला... पण दुसरं काय सांगणार?"

"आत्या," तो म्हणाला. त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "मीही घरी यांना मित्रच म्हणणार होतो. पण मला नाही पुरणार ते."

आता या उठणार, फोटोही नेणार आणि भाच्यालाही... पुन्हा कधी दिसायचा नाही हा मला.

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "यांना माहीत आहे?"

"नाही. अजून विचारलंच नाही मी."

"अरे देवा! मग आधी त्यांना विचार ना, मला काय सांगत बसलास!" त्या डोळे पुसत उठल्या. "आणि फोटोवाले, दोघांचाच करा मोठा. कोणी विचारलं तर बघेन मी काय सांगायचं ते."

त्या बाहेर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"ऐकलंस ना सगळं?" तो म्हणाला.

"ऐकलं. पण मला कुठे कोणी काही विचारलंय?"

"मला तू आवडतोस. फार. मी... तुला आवडतो का?"

एरवी माझी जीभ कोणाला हार जात नाही. आता मात्र मी नुसतीच मान हलवली.

"बोलून सांग," तो म्हणाला.

"आवडतोस! कधीचा आवडतोस, गाढवा!"

हे मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की बाहेर आत्या हसल्या, ते आम्हाला आत ऐकू आलं.