वर्षातून एकदा येणारा

त्या दिवशी शाळेत चाकाची खुर्ची दुरुस्त करायला मिस्त्री यायचा होता, आणि त्याच्याऐवजी दारात उभा राहिला तो. खांद्याला काळी पिशवी, केसांतून पाणी गळतंय, बूट चिखलाने बरबटलेले. तिथे शिकवणाऱ्या आमच्या नातीने काही न विचारता त्याच्या हातात पाना ठेवला आणि चाकाच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तिच्या आवाजापुढे वाघसुद्धा शेपूट घालून रांगेत बसेल, हा तर साधा माणूस. गुडघे टेकून बसला, चाक आवळलं, बोट चेंगरून घेतलं, आणि मग उठून म्हणाला, "चाक झालं. आता कॉम्प्युटर कुठे आहेत ते सांगाल? मी कंपनीकडून आलोय."

नात अशी लाल झाली, की शेजारच्या वर्गातल्या बाई कुणी दिवा लावला म्हणून डोकावल्या.

शाळा विशेष मुलांची. कुणाला चालता येत नाही, कुणाला बोलता. न बोलणाऱ्यांसाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम होता — चित्रावर बोट ठेवलं की तो त्यांच्या वतीने बोलायचा. पाणी हवंय, दुखतंय, आई कधी येणार... बाहेर त्याची किंमत ऐकून घेरी यावी, पण अशा शाळांना कंपनी तो फुकट द्यायची. फक्त परवाना वर्षाचा. वर्ष संपायच्या आत कंपनीचा माणूस येणार, मुलं तो खरंच वापरतात का ते बघणार, आणि पुढच्या वर्षाचा परवाना चालू करून जाणार.

काम तासाभराचं. याला संध्याकाळ व्हायची.

नातीला शाळेत मुलांपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे ताई म्हणतात. शिपाईकाका तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही ताई. हा एकटा म्हणायचा नाही. घसा खाकरायचा, "अहो, ऐकलंत का" म्हणायचा, आणि असं घरात कोण कुणाला म्हणतं ते आठवलं की कॉम्प्युटरच्या मागे तोंड लपवून वायरी मोजत बसायचा.

मग तो जायचा... आणि अख्खं वर्ष उरायचं.

वर्ष किती लांब असतं ते वाट बघणाऱ्याला विचारावं. पोरीने त्या वर्षात इतकी चित्रं कापली, की शाळेच्या भिंती संपल्या आणि छताला लावायची वेळ आली. जेवताना घास हातातच राहायचा. आई विचारायची, काय गं, कुठे आहेस? ती म्हणायची, इथेच. एकदा तिने धडधाकट चालणारा प्रोग्राम बिघडला म्हणून कंपनीला कळवलं. तो आला. सगळं तपासलं. काही म्हणजे काही बिघडलं नव्हतं.

"बिघाड मोठा आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली. "घाईत केलेलं काम मला आवडत नाही."

पुढच्या वर्षी मात्र कंपनीने त्याला लांब कुठेतरी पाठवलं आणि त्याला यायला उशीर झाला. परवाना संपला, प्रोग्राम मुका झाला. चिमणी म्हणून एक एवढीशी पोरगी होती. ती पाण्याच्या चित्रावर बोट ठेवत राहिली, दाबत राहिली, आणि शेवटी टेबलावर डोकं टेकून गप्प पडली. तो धावतपळत पोचला तेव्हा त्याने हेच पाहिलं. नात त्याला बोल लावेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, दोन दिवस झाले, ही कुणाशी बोललेली नाही. त्याने परवाना चालू केला आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

पुन्हा वर्ष. पुन्हा व्हरांड्यातल्या प्रत्येक पावलाला मान वर. या वेळी तो वेळेच्या आधीच आला, बटणं दाबली आणि मुख्याध्यापिकांना म्हणाला, की आता हा परवाना कधीच संपणार नाही. वर्षभर साहेबांच्या खोलीचे उंबरठे झिजवून त्याने अशा सगळ्या शाळांना परवाना कायमचा करून घेतला होता. बाई खुर्चीवरून उठून हसल्या, नातही हसली... आणि तिचं हसू अर्ध्यावरच अडकलं.

मुलं घरी गेल्यावर तिने विचारलं, "म्हणजे आता तुम्ही येणार नाही."

"कंपनी पाठवणार नाही. बिघडलं तरी हल्ली फोनवरूनच दुरुस्त करतात."

"हे तुमच्या लक्षात आधी नाही आलं?"

तो पिशवीची चेन लावत, उघडत राहिला. "आधी तेच लक्षात आलं. म्हणून साहेबांकडे जायला पाय उचलत नव्हता. रोज वाटायचं, उद्या जाऊ... मग चिमणीचं ते डोकं टेकलेलं दिसायचं."

करायला नको होतं, असं म्हणता येत नाही. बरं केलंत, हे तोंडातून निघत नाही. तिने त्याला फाटकापर्यंत सोडलं. तो वळणापर्यंत गेला, थांबला... आणि गेला.

त्यानंतर पोरीच्या चेहऱ्यावर असं मळभ आलं, की घरातले धुतलेले कपडे वाळेनात. प्रोग्राम छान चालत होता. चिमणी दिवसभर पाणी मागत होती, नको असलं तरी. नात ते ऐकून हसायची आणि खिडकीकडे बघायची. आता वाट बघायलाही तारीख नव्हती.

असाच एक दिवस शाळा सुटली. फाटकाबाहेर तो उभा. खांद्याला पिशवी नाही, हात मोकळे, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करावं हे कळत नसलेला. शिपाईकाकांनी काय काम म्हणून विचारलं होतं, आणि काम नसलेल्याला आत सोडत नाहीत.

"कुणी पाठवलं?" तिने विचारलं.

"कुणीच नाही."

"काय बिघडलंय?"

"शाळेत काही नाही." तो चुळबुळला. "काम नसताना येऊन बघावं म्हटलं... चालतं का."

तिच्या खांद्याला कापायच्या चित्रांची पिशवी होती, एका हातात रंगांचा डबा, दुसऱ्यात उद्याच्या धड्याचे तक्ते, आणि घरी पाहुणे यायचे होते.

"चला," ती म्हणाली. "मलाही आज काही काम नाही."