तिसऱ्या ओळीतला खड्डा

चंद्रावरच्या वस्तीत राहणाऱ्या चारुताला एका कोड्यानं हैराण केलं होतं. पेटीवर भूपाची गत वाजवताना पहिल्या दोन ओळी कशा झरझर जायच्या, पण तिसऱ्या ओळीत बोटं अडायची म्हणजे अडायचीच. रोज, आणि नेमकी त्याच जागी!

आई लवकरच तीन वर्षांसाठी मंगळावर निघणार होती. जाण्याआधी तिला ही गत पुरी ऐकवायची, असं चारुतानं मनाशी पक्कं ठरवलं होतं.

"मी वाजवू?" घरातल्या यंत्रमानवानं, भिंगरीनं, विचारलं. "मला एकदा ऐकूनच पाठ झाली."

"तू गप्प बस गं, शहाणे!" चारुता रडकुंडीला आली. "नानाआजोबा, माझा मेंदू मठ्ठ आहे का हो?"

नानाआजोबा मेंदूचे शास्त्रज्ञ. ते हसले. "छे गं! अडलीस की काय करतेस?"

"पुन्हा पहिल्यापासून वाजवते."

"तिथंच तर गोम आहे! मेंदूत मज्जापेशी (एकमेकींना निरोप देणाऱ्या पेशी) असतात. तोच निरोप पुन्हा पुन्हा गेला की त्यांचे जोड बळकट होतात. बाहेरच्या धुळीत आपल्या गाडीची वाट पडलीय ना, तसं. पहिल्या ओळींची वाट तू गुळगुळीत केलीस, आणि तिसरीत रोज अडखळायचा सराव केलास."

चारुता चाटच पडली. म्हणजे अडखळणंसुद्धा पाठ होतं?

मग ती थेट तिसरीपासून वाजवू लागली. आधी तोंडानं सरगम म्हणायची, मग सावकाश बोटं चालवायची, मग दुसरीचा शेवट तिला जोडून बघायची. कंटाळा यायचा, पण थोडं का होईना, रोज बसायची. "आता झोप," नाना म्हणायचे. "झोपेतही मेंदू धडा गिरवतो." भिंगरीला याचं भारी नवल वाटे.

निघायच्या दिवशी यानतळावर पेटी मांडली. दुसरी ओळ संपते न संपते तोच भोंगा केकाटला. बोटं थबकली. पहिल्यापासून वाजवायला आता वेळ कुठला! चारुतानं सरळ तिसरी ओळ धरली आणि थेट शेवटच्या 'सा'वर जाऊन थांबली.

आईनं तिला घट्ट मिठीत घेतलं. डोळे पुसत ती तीच गत गुणगुणू लागली. पेटीला कधी हातही न लावलेली आई! आणि तिसऱ्या ओळीत ती अडखळली. नेमकी त्याच जागी.

"भिंतीपलीकडून रोज ऐकत होते ना," आई ओशाळून म्हणाली.

चारुताला हसू आलं आणि रडूही. "आई, पहिल्यापासून नको म्हणूस हं. तिसरीपासून म्हण. रोज!"

कित्येक महिन्यांनी मंगळावरून पहिला निरोप आला. त्यात शब्द नव्हते, नुसती गुणगुण होती. ती तिसऱ्या ओळीपासून सुरू झाली आणि कुठंही अडली नाही.