खरा नकार

वाईच्या त्या मंगल कार्यालयात दुपारची दुसरी पंगत बसली होती आणि वाढप्याशी कोणीच बोलत नव्हतं. यजमानांनी हौसेने जमिनीवर पाट मांडले होते, केळीची पानं होती, रांगोळी होती. वाढपी जिलेबीचं ताट घेऊन रांगेतून चालत होता. एका पानावर दोन ठेवल्या, पुढची तीन ओलांडली, चौथ्यावर एक. त्याच्या चष्म्याच्या काचेवर प्रत्येक जेवणाऱ्याच्या कपाळापाशी एक ठिपका दिसत असे. हिरवा असेल तर वाढायचं, लाल असेल तर पुढे जायचं. कंपनीने त्या चष्म्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण लोक त्याला मनकवडा म्हणत.

मकरंद खांबेटे भिंतीला टेकून हे बघत होते. वय सहासष्ट, त्यातली पंचेचाळीस वर्षं वाढण्यात गेलेली. आता त्यांच्याकडे देखरेख होती, म्हणजे काहीच काम नव्हतं. मनकवडा आल्यापासून अन्न वाया जात नव्हतं, कोणी भिडेपोटी अर्धपोटी उठत नव्हतं. तक्रारीला जागाच नव्हती आणि काकांना त्याचाच राग येई.

पूर्वी पंगत म्हणजे नुसता गलका. जिलेबीचं ताट दिसलं की लोक पानावर आडवे पडत. "नको, नको, अहो खरंच नको!" मकरंदकाका तोंडाकडे लक्षच देत नसत, हाताकडे देत. बोटं फाकवून पान झाकलेलं असलं, की मधून एक जिलेबी सहज जाते. ती जावी म्हणूनच तर बोटं फाकलेली असतात. नको म्हणता म्हणता शेजाऱ्याच्या पानात डोकावणारा शेजाऱ्यापेक्षा एक जास्त खातो. पण तळहात पालथा, घट्ट, आणि पाठ मागे रेललेली असली की तो नकार खरा. एका व्याह्यांनी असं "नको नको" म्हणत अठरा जिलब्या संपवल्या होत्या आणि वर आग्रहाने जीव नकोसा केला म्हणून कुरकुर केली होती. काय मजा होती त्यात! आठवलं की काका आजही एकटेच हसत.

हीच विद्या शिकायला सात वर्षांपूर्वी पुण्याहून डॉ. रुबिना तांबोळी आल्या होत्या. आठ लग्नांत त्यांनी काकांच्या कपाळावर कॅमेरा बांधला. मग चित्रण मध्येच थांबवून त्या विचारत, "काका, हा नकार खरा की खोटा?" पडद्यावर दोन बटणं होती. काका दाबत गेले. गिळताना हलणारा गळा, भुवईची अर्ध्या क्षणाची उचल, सैल पडलेला खांदा अशा सूक्ष्म हालचाली त्यांच्या यंत्राने, म्हणजे पुढच्या मनकवड्याने, त्या बटणांशी जोडून घेतल्या. वर्षभरात ते काकांपेक्षा हुशार झालं. पाहुण्यांना नंतर विचारून पडताळलं, तर काकांचं शंभरात ऐंशी वेळा बरोबर येई, त्याचं अठ्ठ्याण्णव वेळा. पुढे ते पंगतीतून उठून दवाखान्यांत गेलं, शाळांत गेलं आणि शेवटी घराघरांत शिरलं.

शेवटच्या पंगतीला कामाची माणसं बसली. त्यांच्यात मैत्रेयी होती, काकांची एकुलती एक मुलगी. परवा नागपूरहून नवऱ्याला, अद्वैतला, मागे ठेवून अचानक आली होती. "सहज आले" यापलीकडे काही सांगत नव्हती. "बाबा, घरात मनकवडा लावायचा नाही," एवढं मात्र तिने बजावलं होतं. काकांनी लावला नव्हता. पण दोन दिवस पोरगी नुसता पोळीचा तुकडा चिवडत बसते, हे दिसायला चष्मा कशाला लागतो? आज घरी एकटी बसू नये म्हणून त्यांनीच तिला बरोबर आणलं होतं.

वाढपी तिच्यापाशी आला आणि लाल ठिपका पाहून पुढे गेला. काकांनी भिंत सोडली, त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि ते मैत्रेयीसमोर उभे राहिले.

"जिलेबी घेतेस?"

"नको, बाबा."

तिचा तळहात पानावर पालथा पडला, घट्ट. नकार खरा होता. इतका खरा नकार काकांनी पंचेचाळीस वर्षांत पाहिला नव्हता. तरी ते पुढे गेले नाहीत. दुखरे गुडघे सांभाळत तिच्यासमोर उकिडवे बसले.

"एवढीशी. मी वाढतोय ना?"

"नको म्हटलं ना, बाबा."

"बरं, नको. मी आपलं विचारतोय गं."

मैत्रेयीने वर पाहिलं आणि भर पंगतीत ती रडायला लागली.

मागच्या पायरीवर बसून तिने सांगितलं. "मला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं. त्याला आता चार महिने झाले. दवाखान्यातून आल्यावर मी अद्वैतला म्हटलं, मला एकटीला राहू दे. त्याने चष्म्यातून बघितलं. मी खरंच बोलत होते. तो बाहेरच्या खोलीत गेला. रोज मी तेच म्हणते, रोज ते खरंच असतं आणि रोज तो जातो. एकदाही परत विचारत नाही, बाबा. त्याचं काही चुकलेलं नाही. तेच सहन होत नाही मला."

काकांनी तिचा हात धरला. न पाहिलेल्या नातवंडासाठी त्यांना हुंदका आला. त्यामागोमाग लाजही वाटली. पंगतीत तुडुंब जेवलेल्या माणसालाही ते परत विचारत असत, विशेषतः एकट्याने आलेल्यांना. ताट पुढे धरायचं, वाढायचं काही नाही, क्षणभर थांबायचं. त्या माणसाला जिलेबी नको असायची, पण विचारलेलं हवं असायचं. अशा प्रत्येक नकारासाठी त्यांनी 'खरा' हेच बटण दाबलं होतं. त्यानंतर आपण तिथे थांबत होतो, हे रुबिनाबाईंना सांगायचं त्यांना सुचलंही नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी अद्वैतला फोन केला. "तू कसा आहेस?" असं विचारलं, तर "मी ठीक आहे, बाबा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो येऊन दाखल झाला, डोळ्यांवर चष्मा. आतल्या खोलीच्या अर्धवट उघड्या दाराशी जाऊन त्याने विचारलं, "मैत्रेयी, आत येऊ?"

"नको."

तो लगेच स्वयंपाकघरात परतला. "लाल आहे, बाबा. मी निघतो."

"चष्मा काढ आणि परत विचार."

अद्वैतचा चेहरा ताठ झाला. "नको म्हणाली ती. खरंच म्हणाली. नको म्हणजे नको, हे शिकायला आपल्याला किती पिढ्या लागल्या! बायकोचा शब्द न मानणारा माणूस मी माझ्याच घरात पाहिलाय, बाबा. मला तसं व्हायचं नाही."

 पोरगा चुकत नव्हता. आग्रहाच्या नावाखाली काकांनीही कित्येकांच्या पानात बळेच लाडू टाकले होते, आणि ते बिचारे पाण्याच्या घोटाबरोबर गिळताना लोक हसले होते. त्या गलक्यात हेही होतं.

"वाढू नकोस," ते म्हणाले. "फक्त विचार. नको म्हणाली तर आत पाऊल टाकू नकोस. पण लगेच वळूही नकोस."

"मग काय करू?"

"उभा राहा."

"त्याने काय होईल?"

"ते मला नाही सांगता यायचं."

अद्वैतने चष्मा काढला. नाकावर दोन खोल वळ होते आणि डोळे सुजलेले होते. बाळ त्याचंही गेलं होतं. फोनवर तो ठीक आहे म्हणाला आणि आपणही परत विचारलं नाही, हे काकांना तेव्हा उमगलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. अद्वैत दाराकडे गेला.

"मैत्रेयी, आत येऊ?"

"नको."

तो वळला नाही. त्याचे हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. आतून पलंग करकरला, पावलं वाजली आणि दाराच्या कडेवर मैत्रेयीची बोटं दिसली. दार उघडायला आली होती की लावून घ्यायला? स्वयंपाकघरातून काका बघत होते आणि त्यांना काहीही सांगता येत नव्हतं. अद्वैतला तर मुळीच येत नव्हतं.

"मैत्रेयी," तो म्हणाला, "मी इथेच, बाहेर, बसलो तर चालेल का?"