घुबडाला मोजता येत नाही

दिवे गेले की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीतली मुलं गच्चीवर जमतात. परवाही जमलो. दिगंबरकाका आधीच चटई टाकून बसले होते. बिबवेवाडीच्या एका फोटो लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं फिल्म धुतल्या. त्यांची नखं अजून तपकिरी आहेत.

"काका, एखादी खरी गोष्ट सांगा ना," वरद म्हणाला.

"खोट्या गोष्टींना टीव्ही आहेच. पण मध्ये बोलेल त्याला खाली पाठवीन. एकट्याला. जिन्यातही दिवे नाहीत."

वरद सरकून त्याच्या ताईला, कादंबरीला, चिकटून बसला. काका सांगू लागले. मी शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

श्रीनिवास बर्वे माझ्या ओळखीचा. बँकेतली नोकरी सोडून रानातल्या प्राणी-पक्ष्यांचे फोटो काढायचा. फिल्म धुवायला माझ्याकडेच आणायचा. वारज्याच्या मागे टेकडीवर दगडाची एक बंद पडलेली खाण होती. तिच्या कपारीत घुबडाचं घरटं. समोरच्या काठावर श्रीनिवास काळ्या कापडाचा आडोसा उभा करायचा, एक माणूस जेमतेम मावेल एवढा, आणि आत कॅमेरा लावून रात्रभर बसायचा.

पण माणूस आत शिरताना घुबड बघतं. मग ते पिलांकडे फिरकत नाही. त्यावर या लोकांची एक युक्ती असते. आडोशाकडे दोघांनी जायचं. एकानं आत बसायचं. दुसऱ्यानं घुबडाला नीट दिसेल असं परत निघून जायचं. घुबडाला मोजता येत नाही. त्याला वाटतं, माणूस गेला.

हे परत जाणारे म्हणजे वारज्याचे बापूराव. साठी उलटलेली. त्यांच्या शेतावर इमारती उठल्या होत्या आणि त्यातल्याच एका इमारतीवर ते राखणदार होते. "जातो सायेब. आता तुमी हाय आन् तुमचं पाखरू हाय," म्हणायचे आणि मुद्दाम खोकत खोकत निघायचे.

दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये ते असेच निघाले आणि सकाळी खाणीच्या तळाशी सापडले. पाय घसरला होता.

त्याच रात्री श्रीनिवासला त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो मिळाला. घुबडाचे पंख पसरलेले, चोचीत उंदीर, खाली दोन पिलं तोंड वासून. परदेशात बक्षीस मिळालं. पेपरात नाव आलं. बापूरावांच्या मुलानं, सुखदेवनं, त्याला एकच विचारलं, "सायेब, आमच्या बापानं हाक न्हाई का वो मारली?"

श्रीनिवास म्हणाला, "फार लांब पडले रे ते. वाराही होता. मला काही ऐकू आलं नाही."

सगळ्यांना पटलं. मलाही.

पुढच्या वर्षी एका सॉफ्टवेअर कंपनीनं त्याला कॅलेंडरचं काम दिलं. त्यांना घुबडाचा नवा फोटो हवा होता. झालेलं नाव टिकवायचं तर तो मिळवायलाच हवा. पण वारज्यातलं कुणी त्याच्याबरोबर यायला तयार होईना. बुधवार, सत्तावीस मार्च, दोन हजार दोन. होळीची आदली रात्र. तो एकटाच गेला.

कुणी परत जाताना दिसल्याशिवाय घुबड येणार नाही, हे त्याला माहीत होतं. तरी बसला. चांदणं लख्ख होतं. घुबड समोरच्या कड्यावर, आडोशाकडे टक लावून. नऊ वाजले. दहा वाजले.

सव्वादहाला घुबडाची मान हलली.

हळूहळू वळत गेली. आडोशापासून... पायवाटेवरून... खाणीच्या कडेपर्यंत. चालत जाणाऱ्या माणसाकडे बघावं, तशी.

पायवाटेवर कुणी नव्हतं.

मग घुबडानं पंख उघडले. निवांत घरट्यात उतरलं. त्याची खात्री पटली होती. माणूस गेला.

 

तेवढ्यात खाणीच्या तळातून हाक आली.

"सायेब..."

श्रीनिवासचं बोट बटणावर होतं.

"सायेब... पाय अडकलाय..."

बाहेर पडला असता तर घुबड उडालं असतं.

त्यानं बटण दाबलं.

पुन्हा हाक.

पुन्हा बटण.

फिल्म संपली. मग हाकाही थांबल्या...

सकाळी सात वाजता तो लॅबच्या दारात. चेहरा पांढराफटक. मी आत फिल्म धूत होतो आणि तो बंद दाराबाहेरून बोलत होता. म्हणाला, "दिगंबर, गेल्या वर्षीही मी ऐकलं होतं. तीनदा. घुबड समोर होतं रे. वाटलं, पाच मिनिटांत जाऊ..."

"मग गेले नाहीत?" वरदच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी त्याला खाली पाठवलं नाही.

"गेला ना," ते म्हणाले. "उजाडल्यावर."

फिल्म वाळली. काचेखालचा दिवा लावून मी ती पसरली. छत्तीस फोटो. पस्तिसांत घुबड. असे फोटो मी आयुष्यात धुतले नाहीत. श्रीनिवास भिंग लावून एकेक बघत गेला. शेवटच्यापाशी थांबला. भिंग खाली ठेवलं. कॅमेऱ्याची बॅग तिथंच सोडून निघून गेला. ती न्यायला कधी आला नाही. कॅलेंडर दुसऱ्याच कुणाचं छापलं.

मग मी भिंग उचललं.

कॅमेरा रात्रभर आडोशाच्या आत, तिपाईवर घट्ट बसवलेला होता. हा फोटो बाहेरून काढलेला होता. खालून. खाणीच्या तळातून, वर बघून. दोन्हीकडे दगड आणि मध्ये चांदण्यात तो काळा आडोसा. लांब वगैरे काही नाही... इतका जवळ, की कापडाची शिवण दिसत होती. भोकातून लेन्स बाहेर आली होती. आणि लेन्सच्या वर, कापड बोटानं जरासं बाजूला करून, खाली बघणारा एक डोळा.