फेसरावांनी धुतलेला तंबोरा

रविवारी सकाळी आजोबांचं तिकीट दिव्याखाली निळंशार चमकलं आणि आजोबांचं तोंड उतरलं. चमकणारी वस्तू पाहून कुणी रडकुंडीला येतं का? तिकिटं जमवणारी माणसं येतात!

हे २०६४ सालचं मिरज. आता पत्रं कुणीच पाठवत नाही, त्यामुळे जुन्या टपाल तिकिटांचा भाव भलताच वधारलाय. आजोबांकडे मिरजेच्या तंबोऱ्याचं चित्र असलेलं एक दुर्मीळ तिकीट आहे. त्याच्या नकलाही पुष्कळ. आमच्या तिकीट मंडळाचा रिवाज कडक आहे. तिकीट नकली ठरलं, की त्याच्या पाठीवर 'बनावट' असा शिक्का बसतो, तोही कायमचा. मंडळाच्या मुजावर सरांनी शाईचं पॅड उघडलंसुद्धा होतं.

"सर, थांबा! चमकलं तर वाईट काय झालं?" मी विचारलं.

"शाल्मली, हा अतिनील किरणांचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या, जांभळ्याच्या पलीकडच्या प्रकाशाचा) दिवा आहे. काही रसायनं हा न दिसणारा प्रकाश गिळतात आणि त्याच्या बदल्यात दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. साधा कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात असलं रसायन घालतात. सुरक्षा-छपाईच्या (सहज नक्कल करता येऊ नये अशा छपाईच्या) कागदात ते मुद्दाम घालत नाहीत. म्हणून खरा कागद इथे काळपट दिसतो. तुमच्या तिकिटाची तर दिवाळी चाललीय!"

"अहो, चाळीस वर्षं माझ्या वहीत आहे ते," आजोबा म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

"आजोबा, तुम्ही ते कधी वहीबाहेर काढलं होतं का?"

"परवाच काढलं. पाठीला पाकिटाचा तुकडा चिकटला होता, म्हणून पाण्यात भिजवलं. सगळेच भिजवतात गं! फेसरावांना म्हटलं, जरा लक्ष ठेवा."

फेसराव म्हणजे आमच्या घरी कपडे धुणारा यंत्रमानव. आजोबांची पिशवी धरून तो मंडळाच्या दारातच उभा होता.

"लक्ष ठेवलं," तो अभिमानाने म्हणाला. "तिकीट मळकट होतं. दोन चमचे धुण्याची पावडर टाकली. आभार मानू नका, हे माझं कामच आहे."

आजोबांनी कपाळावर हात मारला. मुजावर सरांचा मात्र विश्वास बसेना. "पावडरीने कागद कसा चमकेल?" म्हणत त्यांनी शिक्का उचलला. त्यांचा हात दिव्याखालून गेला आणि मी ओरडलेच, "सर, तुमची बाही!"

सरांच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही तिकिटासारखीच निळीशार चमकत होती. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून पावडरीतही तसलंच रसायन घालतात. ते कपड्याला चिकटतं, तसंच तिकिटालाही चिकटलं होतं.

"या नियमाने सर, एक शिक्का तुमच्याही पाठीवर मारावा लागेल," मी म्हणाले. सगळं मंडळ हसलं. सर आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले.

"पण नुसत्या पावडरीने तिकीट खरं ठरत नाही. पुरावा हवा," ते म्हणाले.

"मग जे धुऊन जात नाही, ते बघू या ना!"

सरांनी भिंग घेतलं. तंबोऱ्याच्या चार तारा म्हणजे केसासारख्या चार रेघा. भिंगाखाली त्या रेघा राहिल्याच नाहीत, इवल्या इवल्या अक्षरांच्या रांगा झाल्या. सर वाचू लागले, "प प प प... सा सा सा सा..." आणि वाचता वाचता चक्क गाऊ लागले. ही सूक्ष्मछपाई (भिंगाशिवाय न वाचता येणारी छपाई). साध्या नक्कल-यंत्राला इतकी बारीक अक्षरं जमत नाहीत, त्यांची नुसती पुसट रेघ उमटते.

सरांनी पॅड मिटलं आणि दाखल्यावर लिहिलं, 'अस्सल. एकदा धुतलेलं.'

आजोबांचा जीव भांड्यात पडला. ते दिव्याशेजारीच खदखदून हसले. त्यांचे दात फिकट निळे चमकले, पण पुढचे दोन मात्र काळेकुट्ट!

"आजोबा, हे दोन का नाही चमकले?"

"खरे दात चमकतात," सर हळूच म्हणाले. "बसवलेले पुष्कळदा चमकत नाहीत."

"म्हणजे कागद चमकला तर संशय, आणि दात नाही चमकला तर संशय?"

"अगदी बरोबर! दिवा नुसती चमक दाखवतो, तिचा अर्थ आपण शोधायचा. पुढच्या रविवारपासून दिव्यामागच्या या खुर्चीवर तू बसायचंस."

तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसते. आजोबा मंडळात दर रविवारी नव्या उत्साहाने येतात, पण माझ्या टेबलाजवळ आले की तोंड मिटून हसतात.