वरची कडी

सिंगापूरमधल्या सेम्बावांगच्या त्या भाड्याच्या घरामागे छोटासा स्विमिंग पूल होता आणि पाण्याभोवती लोखंडी गजांचं कुंपण. दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं ते कुंपणाच्या फाटकासाठी. फाटक सोडलं की आपोआप मिटायचं. कडी मोठ्या माणसाच्या छातीशी, वर ओढल्याशिवाय न सुटणारी. लहान पोराचा हात पोचूच नये, अशी. तरी हल्ली दुपारी बघावं तर कडी सुटलेली आणि फाटक हातभर उघडं.

"तूच विसरत असशील," ऑफिसला निघताना अनिमेष बूट चढवत म्हणाला. "गॅस बंद आहे का बघायला जातेस आणि चालू करून येतेस तू."

"येते खरी," चैत्राली म्हणाली. स्वतःवर भरवसा ठेवायचं तिने तीन वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

तेव्हा गणपतीचं विसर्जन त्यांनी याच पाण्यात केलं होतं, घरमालकाला न सांगता. मूर्ती, तबक, झांजा, माणसं, सगळी एकदम आत जायची म्हणून फाटकाला पाट लावून ते उघडं धरलं. मग सगळे जेवायला घरात आले. पाट कुणीतरी काढला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. त्यांचा चार वर्षांचा तन्मय बाप्पाला परत आणायला एकटाच गेला.

अवनी तेव्हा पोटात होती. पुढे अनिमेषने कितीदा म्हटलं, घर बदलू. चैत्राली नाहीच म्हणाली. कारण सांगण्यासारखं नव्हतं. नवा पत्ता तन्मयला कोण कळवणार?

दुरुस्तीवाले चिनी अंकल बराच वेळ फाटक उघडझाप करत राहिले.

"नथिंग राँग, लाह. स्प्रिंग ओके, कडी ओके. समबडी ओपन." त्यांनी घरात झोपलेल्या अवनीकडे हनुवटीने दाखवलं. "दॅट वन कॅनॉट रीच. बिग चाइल्ड कॅन. यू गॉट बिग चाइल्ड?"

ती नाही म्हणणार होती.

"बॉय," ती म्हणाली. "सेव्हन इयर्स ओल्ड."

"हां, देन कॅन. टेल हिम, डोन्ट प्ले-प्ले!"

अंकल गेले. ती गजांपाशी तशीच उभी राहिली. मनात तिने त्याला चार वर्षांचाच जपून ठेवला होता. तोच शर्ट, तेच दुधाचे दात. तो तिकडे वाढत असेल, हे आईला सुचू नये?

आभाळ भरून आलं. भरदुपारी दिवेलागणीसारखा अंधार पडला, आणि सकाळपासून कोकलणारा कोकीळ मधेच गप्प झाला. ती वाळत घातलेले कपडे काढायला वर गेली. खाली आली तर चटई रिकामी. मागचं दार सरकवलेलं.

अवनी कुंपणाच्या आत होती. पाण्याच्या अगदी काठाशी. एक हात वर केलेला, मूठ मिटलेली... कुणाचं तरी बोट धरल्यासारखी. फाटक सताड उघडं होतं, आणि मिटत नव्हतं. कुणी पाठ टेकून उभं राहावं तसं ते थांबलं होतं. हवेत क्लोरीन होतं, आणि त्याखाली नुकत्याच न्हालेल्या मुलाच्या डोक्याचा वास. हा वास तिला पाठ होता.

धावावं, तर अवनी दचकून पाण्यात जाईल.

"तन्मय..." ती दाराशीच थांबून म्हणाली. "बाळा... तिला पोहता येत नाही रे. सोड तिला... दादा ना तू तिचा?"

लांब कुठेतरी गडगडलं. पाणी हललं नाही.

मग अवनीचा हात हळूच खाली आला. ती वळली, झोपाळू पावलं टाकत आईकडे आली. चैत्रालीने तिला उचलून छातीशी आवळलं. मागे फाटक मिटलं, नेहमीसारखं खाडकन नाही. आई रागावल्यावर शहाणं मूल दार लावतं, तसं. कडी खाली बसली.

तो आतच राहिला होता.

तिने गजांना कपाळ टेकलं. ये म्हणावं, तर कडेवर अवनी. नको म्हणायला जीभ रेटेना. पाऊस कोसळायला लागला तरी ती तिथेच उभी राहिली. सात वर्षांच्या मुलाला पावसात बाहेर ठेवून मग ती घरात गेली.

त्यानंतर फाटक एकदाही उघडं सापडलं नाही. "बघ, अंकलनी तेल घातलं आणि झालं," अनिमेष म्हणाला. ती हो म्हणाली.

नाताळच्या सुट्टीतल्या एका दुपारी अवनी कुंपणाशी दिसली. टाचा उंचावून, कडीकडे हात ताणून. बोटं कडीच्या बरीच खाली राहत होती.

"काय करतेस गं?" चैत्रालीने दबक्या आवाजात विचारलं.

"ट्राय करते. दादा टेल मी नॉट येट, लाह," अवनी म्हणाली. "फर्स्ट आय मस्ट ग्रो टॉल. देन ही टेक मी."

आणि गजांपलीकडून कुणी काहीतरी विचारल्यासारखी मान हलवून ती खुदकन हसली.